डब्याच्या बदल्यात गेलेलं जॅकेट

मी जॅकेट बोलतोय. जॅकेटला डोकं नसतं, नाहीतर माझं आत्ता फिरलेलं असतं.

जन्मानं मी शर्ट. बाळासोंचा कंपनीचा निळा शर्ट. कागल एमआयडीसीतल्या फौंड्रीत मी त्यांच्या अंगावर राबलो. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या उडायच्या, बाळासो वाचायचे आणि भोकं मला पडायची. त्यांना नवा युनिफॉर्म मिळाला आणि माझी रवानगी फरशी पुसायच्या बादलीत झाली. केलेल्या कामाची ही किंमत!

तिथून मला उचललं त्यांच्या लेकीनं, अनुजानं. ती कपड्यांचं डिझाइन शिकते. जुन्यातून नवं करायचं कॉलेजचं प्रदर्शन रविवारी होतं आणि दाखवायला तिच्याकडे माझ्याशिवाय काही नव्हतं. तिनं एकही भोक लपवलं नाही. आईच्या फाटक्या इरकली साडीचे तुकडे त्यांच्याखाली लावले, वाकळेला, म्हणजे गोधडीला घालतात तसे लाल धाग्याचे टाके घातले आणि आत जाड अस्तर लावून माझं जॅकेट केलं. बोटं टोचून घेतली पोरीनं. मी काय खुललो होतो म्हणून सांगू!

शनिवारी ती बटणं आणायला महाद्वार रोडला गेली आणि नेमकी दारात तानाबाई आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. अनुजाच्या आई, विमलाताई, मलाच घेऊन बाहेर आल्या.

"ह्ये घ्या. ठिगळाचं घालून चारचौघांत जानार म्हनं! बापाची कापडं घ्यायची ऐपत न्हाय म्हनतील लोक. उद्या नवीन घेऊन देतो तिला."

"ठिगळाचं कोन घेनार, वैनी?"

"मग वर ही पँट बी घ्या. पन डबा द्या, झाकण मातुर घट्ट पायजे. पोरीला प्रदर्शनाला न्यायला हुईल."

ऐकलंत? मला विकून माझ्याच प्रदर्शनाला डबा! प्रदर्शनात मलाच मांडायचं होतं हे त्यांना कुठं ठाऊक! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण कापडाचं कोण ऐकतो? रविवार गाठोड्यात कुजण्यात गेला.

सोमवारी सकाळी गारठा होता. तानाबाईनं मला अंगात घातलं आणि पुन्हा त्याच गल्लीत आली. विमलाताई दारातच होत्या. शनिवारी त्यांनी मला नीट पाहिलंच कुठं होतं, अंगावर चढलेल्या मला त्यांनी ओळखलंच नाही.

"बाई, जॅकेट झ्याक हाय की! कुठनं घेतलंसा?"

"तुमच्याच दारातनं की, वैनी!"

विमलाताईंचं तोंड उतरलं. मागं अनुजा उभी होती, प्रदर्शन हुकल्यानं रडून डोळे सुजलेली. विमलाताई धावत आत गेल्या, डबा घेऊन आल्या.

"ह्यो घ्या, आनि ते द्या माघारी."

"आता न्हाय बा. लई ऊब हाय ह्याला." तानाबाईनं मला गळ्याशी घट्ट धरलं.

अनुजा मला हिसकावून घेईल असं वाटलं. पण तिनं तानाबाईच्या अंगावर मला एकवार न्याहाळलं, आत गेली आणि सुईदोरा घेऊन आली.

"थांबा मावशी. बटणं राहिल्यात त्याची."

उंबऱ्यावर बसून तिनं मला बटणं लावली. विमलाताई रिकामा डबा धरून बघत राहिल्या.

आता मी तानाबाईसोबत गल्लोगल्ली हिंडतो. ऊब देतो, तक्रार नाही. पण राग काही जात नाही. विमलाताई, देण्याआधी एकदा पोरीला विचारायचं होतं की हो!