दाराचं कार्ड

धाकट्या जावेने कॉफीच्या काउंटरवर कार्ड टेकवलं, यंत्र टुंग वाजलं आणि थोरलीने नाक मुरडलं.

सहलीच्या या बोटीवर रोख चालत नव्हती. थोरलीने पर्सच्या चोरकप्प्यात जपून आणलेल्या नोटा इथे निव्वळ कागद होत्या. जिथेतिथे खोलीचं कार्ड टेकवायचं, हिशोब उतरताना. धाकटी टेकवत सुटली होती. सकाळी गॉगल, मग सरबत, आता ही फेसाळ कॉफी. आणि दर खरेदीमागून मिनिटभरात घरी राहिलेल्या तिच्या नवऱ्याचा फोन! ती बाजूला वळून हळू आवाजात बोलायची. काय ते लाड. थोरलीच्या नवऱ्याने उभ्या संसारात फोन केला तो किल्ल्या कुठे आहेत ते विचारायला.

"ताई, तुम्ही काय घेताय?"

"काही नको बाई. जळजळतं मला."

जळजळत होतंच. कॉफीचा त्यात काही दोष नव्हता.

शेजारच्या दुकानातल्या मोरपंखी स्टोलने मात्र तिला धरलंच. धाकटी बघतेय म्हटल्यावर थोरलीने ऐटीत आपलं कार्ड पुढे केलं. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

"मॅडम, यावर खरेदी बंद ठेवलीय," दुकानातली मुलगी अदबीने म्हणाली. "खोली ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी सांगितलं असेल. याने फक्त दार उघडतं."

म्हणजे पहिल्या दिवशी नवरा कार्डं देणाऱ्या खिडकीशी कुजबुजत होता ते हे. थोरलीचे कान तापले.

"द्या इकडे, मी देते." टुंग. धाकटीने स्टोल तिच्या खांद्यावर टाकलासुद्धा.

"मला काही एवढा आवडला नव्हता," थोरली म्हणाली. पण तेवढ्यात फोन वाजला आणि तिचं बोलणं हवेतच राहिलं.

"हो, स्टोल... नाही हो, एकटी नाहीये. ताई आहेत... खरंच. थांबा, देते."

धाकटीने फोन पुढे केला. तळव्याने तो झाकून ती कुजबुजली.

"नुसतं 'मी आहे' म्हणा, ताई. कार्ड टेकवलं की यांच्या फोनवर वाजतं. मग विचारतात, कुठे आहेस, कोण आहे बरोबर."

थोरलीने फोन कानाला लावला.

"मी आहे, भावजी."

"असं होय. बरं बरं," म्हणत त्याने फोन ठेवला.

धाकटी कॉफीच्या टेबलाशी जाऊन बसली. कपातला फेस बसला होता. तिने फोन पालथा ठेवला, मग लगेच सुलटा केला.

थोरली डेकवर गेली. तिचा नवरा आरामखुर्चीत घोरत होता, कार्ड गळ्यातल्या पट्ट्याला. तिने पट्टा अलगद त्याच्या डोक्यावरून काढला.

"काय गं?" तो डोळे न उघडताच पुटपुटला.

"दार उघडायचंय."

उतरताना बोंबलेल. बोंबलू दे.

काउंटरवर तिने दोन कॉफ्या सांगितल्या आणि नवऱ्याचं कार्ड टेकवलं. टुंग. धाकटी दचकली, तिचा हात फोनकडे गेला. दोघी फोनकडे बघत राहिल्या.

तो वाजला नाही.

थोरलीने स्टोल सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"साखर किती गं तुला?"