काठीखालचा दगड

दया यशया गायकवाड तशी धीट पोर. नगरच्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर एकटी चढून बसणारी. पण दुष्काळातल्या त्या वैशाखात पानमाळावर ती अशी घाबरली की बाभळीचं खोड धरून तिला उभं राहावं लागलं.

झालं होतं ते साधंच. नगरच्या एका ऑफिसात ती नकाशे काढायची. तिथले सरदेशमुख साहेब परदेशात शिकून आलेले. बागांचे, तळ्यांचे, मोकळ्या जागांचे आराखडे करायचे. शेवगावच्या पलीकडं पानमाळावर दुष्काळी कामातून तळं खणायचं आणि त्याच्याभोवती वनराई उभी करायची, असं काम त्यांच्याकडं आलं होतं. साहेबांना तेव्हा एका नव्या विद्येनं झपाटलं होतं. माळावर चौकटी आखायच्या, चौकटीच्या दर कोपऱ्यावर उंच काठी उभी करून दुर्बिणीतून उंची वाचायची, आणि ते आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून पुण्याच्या कॉम्प्युटरला खायला घालायचे. मग हे यंत्रबुवा सगळा माळ आकड्यांत छापून देणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवले की टेबलावर हुबेहूब माळ उभा.

ही विद्या दया शिकली, आणि अशी शिकली की साहेब चारचौघांत तिचं नाव घ्यायला लागले. दुर्बिणीत काठीवाला सहादेव डोकं खाली, पाय वर असा दिसायचा; सुरुवातीला तिला हसू आवरायचं नाही. काठीवरचा आकडा मोठा तितकी जमीन खोल, हे उलटं गणितही तिच्या अंगवळणी पडलं. मॉडेल झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, कामावरच्या बायांच्या तान्ह्या पोरांसाठी पाळणाघर कुठं करावं? दयानं क्षणाचाही विचार न करता बोट ठेवलं. म्हसोबाच्या दगडापाशी, निंबाखाली. सावली हाय, आणि मॉडेलमध्ये तो भाग भोवतीपेक्षा उंच. तिनं काडेपेटीचं छोटं घर करून तिथं चिकटवलं. साहेब शाबास म्हणाले. माळावर निंबाच्या फांद्यांना लुगड्यांचे पाळणे लागले, आणि पोरं सांभाळायला झुंबरबाई बसली. म्हातारी तोंडाची फटकळ, पण पोरांवर जीव टाकणारी.

आणि त्या दिवशी, तळ्याच्या दुसऱ्या अंगाची उंची घेताना, शेंदूर फासलेल्या वेताळाच्या दगडाशी सहादेवनं एक सपाट दगड उचलून आणला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर काठी उभी केली. दया दुर्बीण सोडून चालत गेली. हे काय, म्हणून विचारलं.

"देवाच्या जागंत लोखंड टेकवत न्हाईत, ताई," सहादेव म्हणाला. काठीच्या बुडाला लोखंडाची टोपी होती. "म्हसोबापशीबी तसंच केलं हुतं की. तिथं तर दोन-तीन दगड रचलं हुतं, खोलगट हाय ना ते."

खोलगट! दयानं शेजारच्या बाभळीचं खोड धरलं. पहिल्या वेळी मधे बाभळीची झुडपं होती. तिला काठी दिसली होती, काठीखालचं दिसलं नव्हतं. काठी वर उचलली की आकडा लहान, आणि आकडा लहान की जमीन उंच. म्हणजे म्हसोबाभोवतीचा उंचवटा जमिनीवर नव्हताच. तो सहादेवच्या दगडांचा होता, आणि खाली होती ओढ्याची वाट. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय माहीत? त्याला जे सांगितलं ते त्यानं छापलं.

तिनं वर बघितलं. इथं लख्ख ऊन. पण ओढा जिथून येतो त्या गर्भगिरीच्या डोंगरावर काळं आभाळ टेकलं होतं, आणि मधूनच गडगडत होतं.

साहेब जीपच्या सावलीत बसले होते. दयानं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि समजावलं, की सगळा माळ कोरडा ठणठणीत आहे, ओढ्यानं वर्षभर पाणी बघितलेलं नाही, एका कोपऱ्याचा आकडा चुकला असेल तर उद्या परत घेऊ. उगाच बायांत घबराट नको. दया होय म्हणाली आणि वळली. वळली ती थेट पळत सुटली.

झुंबरबाई पाळणे हलवायला तयार होईना. पोरं आत्ता कुठं झोपली हायती, उन्हात कुठं न्यायची, आणि ऊन पडलंय अन् तू पाण्याचं काय सांगतीस? तिचंही खरंच होतं. दयाला तोंडानं पटवता येईना. वरच्या अंगाला टँकरच्या पाण्याचं पिंप होतं, दिवसभराचं पिण्याचं. दयानं त्याला खांदा लावला आणि ते आडवं केलं.

झुंबरबाईनं तिचा दंडच धरला. "पोरांच्या तोंडचं पानी हाय ते. डोकं फिरलंय का तुजं?"

पाणी तुडवून टणक झालेल्या मुरमावरून निघालं. डावीकडं गेलं नाही, उजवीकडं गेलं नाही. म्हसोबाच्या पुढून सरळ निंबाखाली आलं आणि पाळण्यांच्या खाली थबकून साचलं. म्हातारी त्या डबक्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन पोरं उचलली.

दोघींनी पोरं उचलून वरच्या बांधावर नेऊन ठेवायला सुरुवात केली. रडणं ऐकून खणणाऱ्या बाया पाट्या टाकून धावल्या. जी ती आपलं लेकरू हुडकायला लागली. मालनबाईची पोर सापडेना. मालनबाईनं हंबरडा फोडला. दया परत खाली उतरली. शेवटच्या पाळण्यात, लुगड्याच्या घोळात, पोर गाढ झोपलेली होती. तिला छातीशी धरून दया बांधावर चढली आणि मागून घरघर ऐकू आली. डोक्यावर टिपूस नव्हता. ओढ्यातून गढूळ पाणी काट्याकुट्यांसकट आलं, म्हसोबाचा शेंदूर धुऊन गेलं, आणि निंबाच्या फांद्यांवरचे रिकामे पाळणे ओढीत पुढं गेलं.

साहेब बांधावर येऊन उभे राहिले. सहादेव हात जोडून म्हणाला, म्हसोबानं राखली पोरं. झुंबरबाई म्हणाली, राखली खरी, पण आता प्यायचं पानी कुठून आणायचं तेबी त्यालाच विचार. कुणी हसलं नाही. मालनबाईनं दयाच्या हातातून पोर घेतली तेव्हा दयाची बोटं सुटेनात. एकेक सोडवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मॉडेल तिच्यापुढं ठेवलं आणि तेवढा भाग दुरुस्त करायला सांगितलं. रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं. पुठ्ठ्याचे वरचे थर काढण्याआधी काडेपेटीचं घर काढायला हवं होतं. दयानं सुरीचं टोक त्याच्याखाली घातलं. घर निघता निघेना. डिंक तिनंच भरपूर लावला होता.