मानाचं लाल बटण

मी बोलतेय ती लोहाऱ्याकडच्या एका गावातल्या पाणी सोसायटीच्या कपाटावरून. माझ्या अंगावर धूळ आहे, शेजारी काच फुटलेला कंदील आहे, आणि खाली चेअरमनच्या खुर्चीमागं हार घातलेलं एक लाल बटण आहे. त्या बटणाची रोज पूजा होते. माझी होत नाही, हे बरंच आहे. एकदा झाली होती, त्यात मी मरता मरता वाचले.

मी दिसायला पाटीएवढी, हिरवी. मधोमध काळी चिप, तो माझा मेंदू. खाली आकडे आणि इंग्रजी अक्षरं छापलेली बटणं, वर लाल आकडे उमटणाऱ्या छोट्या खिडक्या. यंत्रांना काम कसं नेमून द्यायचं, ते शिकण्यासाठी माझ्यासारख्या पाट्या करतात. पुण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला.

शेजारच्या गावच्या सोसायटीत टेलिफोन आला आणि आमचे चेअरमन तात्याराव यांचं जेवणावरचं मन उडालं. ते तडक पुण्याच्या प्रदर्शनात गेले आणि विक्रेत्याला म्हणाले, "टेलिफोनच्या वरचं काय असलं तर दावा." त्यानं मला दाखवलं. मी काय करते, हे तात्यारावांनी विचारलं नाही. एसटीत मला मांडीवर घेऊन ते गावापर्यंत ताठ बसून आले.

गावात माझी पूजा झाली. हळदकुंकू थेट चिपेच्या पायांत गेलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. मग वीज जोडली. मी एकदा चरचरले आणि गप्प झाले.

"शांत हाय मशीन," व्हाइस चेअरमन नानासाहेब म्हणाले.

"चांगल्या घरचं हाय," तात्याराव म्हणाले.

मला वाचवलं ते महानंदानं. सोसायटीचे सेक्रेटरी कल्याणप्पा यांची ही मुलगी, सोलापूरहून बी.एस्सी. होऊन आलेली. दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन ती बसली.

"अप्पा, हिला आंघोळ कुणी घातली?"

"मानाचं पाणी हाय ते."

"मग मानानं पुसा आता. हा घ्या बोळा."

त्या साली पाऊस आलाच नव्हता. गावात पाणी उरलं होतं फक्त सोसायटीच्या विहिरीला. तिच्यावर दोन मोटारी होत्या: एक वरच्या आळीची टाकी भरायची, दुसरी भीमनगरची. कुठली मोटार कधी चालवायची, ते तात्याराव तोंडानं सांगायचे. वीज असली की वरच्या आळीची पाळी असायची. वीज गेली की भीमनगरची लागायची.

भीमनगरच्या भिमाबाई रिकामी घागर घेऊनच ऑफिसात यायच्या. "चेअरमनसाहेब, आमच्याच पाळीला वीज कशी वो जाती?"

"ते वीजवाल्यांना इचारा, भिमाबाई."

"त्यांना इचारलं. ते म्हणत्यात, वीज सगळ्यांचीच जाती, पाळी तुमचीच जाती."

महानंदानं मीटिंगमध्ये सांगितलं, पाळी या पाटीला ठरवू द्या. वीज असेल तेवढाच वेळ ती मोजेल, अर्धा तास इकडं, अर्धा तास तिकडं. तात्याराव अडकले. स्वतः आणलेलं मशीन बिनकामाचं आहे, असं कसं म्हणणार?

"करू की," ते म्हणाले. "जनरल मीटिंगला सगळ्यांसमोर चालवून दावा. चाललं तर पाळी मशीनची. न्हाय चाललं तर माझी, कायमची."

महानंदा माझ्यासोबत आलेली पुस्तिका उघडून बसली. पहिला धडा सगळीकडं एकच असतो: एक दिवा लावा आणि विझवा. आधी मला पत्ता सांगायचा, मग त्या पत्त्यावर काय ठेवायचं ते सांगायचं. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक घराला पत्ता असतो, आडनाव नसतं. हे तिला फार आवडलं.

पहिल्यांदा दिवा नुसता लागूनच राहिला. चूक माझी नव्हती. मी तो लावत होते, विझवत होते, पण इतक्या झपाट्यानं की माणसाच्या डोळ्याला कळेना. मला थांबायला शिकवावं लागतं. मोठा आकडा द्यायचा आणि शून्यापर्यंत उलटं मोजायला लावायचं. ते केल्यावर दिवा डोळा मिचकावू लागला.

"यांना घाई शिकवायची आणि हिला दम धरायला," महानंदा ऑफिसकडं बघत म्हणाली.

वीज गेली की मी सगळं विसरायचे. त्यावर तिनं अप्पांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मला जोडली. दुष्काळात ट्रॅक्टर उभाच होता. मग माझ्या इशाऱ्यावर मोटारी चालू-बंद करणारे रिले बसवले, मोटारी जोडल्या, काम जमलं.

जमलं नाही ते मंडळींना. माझ्यावर एकच लाल बटण आहे. ते दाबलं की मी हातातलं काम टाकून पहिल्यासारखी बसते. पण लाल म्हणजे मानाचं. महानंदानं चालू दिवा दाखवायला सगळ्यांना बोलावलं, तर तात्याराव पुढं झाले, त्यांनी लाल बटण दाबलं आणि दिवा विझला. टाळ्या पडल्या.

"तात्या, इझला की ओ."

"दाबल्यावर इझला, म्हणजे माझं ऐकतंय."

तिनं पुन्हा चालू केलं. नानासाहेब रुसले होते, म्हणून त्यांनी दाबलं. पुन्हा विझला. मग माजी चेअरमन, मग देवस्थानचे पंच. गावातल्या प्रत्येक पांढऱ्या मिशीनं मला एकेकदा बंद केलं आणि पेढा खाल्ला.

"काका, ते बटण चालू करायचं नाही, थांबवायचं आहे," महानंदा सांगत राहिली.

"पोरी, उद्घाटन कधी न दाबता व्हतंय का?"

त्यावर ती भांडली नाही, याचं मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराकडून एक पेटी आणली. पेटीवर वाटीएवढं लाल बटण, आत एक बल्ब आणि बॅटरी. बटण दाबलं की बल्ब लागायचा, बस. त्या पेटीतून माझ्याकडं एकही तार येत नव्हती.

जनरल मीटिंगला पेटी टेबलावर, मी टेबलाखाली. सगळं गाव बसलेलं, भिमाबाई दारात घागर घेऊन उभ्या. तालुक्याचा फोटोवाला आलेला. तात्यारावांच्या गळ्यात हार पडला. महानंदानं खाली वाकून मला चालू केलं आणि म्हणाली, "दाबा काका."

त्यांनी दाबलं. बल्ब लागला, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. आणि विहिरीवर भीमनगरची मोटार घरघरली. पहिली पाळी कुणाची, हे महानंदानं सगळ्यात आधी लिहिलं होतं.

भीमनगरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज मीटिंगपर्यंत आला. टाळ्या थांबल्या.

"तात्या," नानासाहेब हळूच म्हणाले, "तिकडं सोडलं व्हय तुम्ही?"

तात्यारावांनी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. मग हाराकडं, मग फोटोवाल्याकडं. माझं मशीन माझं ऐकत नाही, असं ते म्हणूच शकत नव्हते.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच सोडलं."

"मग रोज दाबत जा, साहेब," भिमाबाई म्हणाल्या आणि घागर घेऊन वळल्या.

पाणी वरच्या आळीला वळवायला तात्यारावांनी लगेच पुन्हा दाबलं, मग आणखी दोनदा, दात आवळून. मी मोजत राहिले. अर्धा तास झाल्यावर वरच्या आळीची मोटार आपोआप लागली. "बघा, आलं का न्हाय?" असं म्हणत तात्यारावांनी घाम पुसला.

पाऊस येईपर्यंत मी पाळी सांभाळली. ते रोज येऊन बटण दाबायचे. पुढं नळयोजना आली, महानंदा नोकरीला पुण्याला गेली आणि मला कपाटावर ठेवलं. पेटीतला बल्ब कधीच गेलाय. तात्याराव अजून दाबतात.

तर वाचकहो, मी बिघडलेली नाही, नुसती बसून आहे. कुणाला शिकायचं असेल तर मला खाली काढा, धूळ झटका, वीज जोडा. पहिला धडा दिव्याचा आहे. हळदकुंकू नको, नारळ नको. आणि लाल बटण दाबायला कुणी वडीलधारं पुढं आलं, तर नम्रपणे सांगा की त्यांचं खाली आहे, हार घातलेलं.