दाताखालची कणी

ताईंनी दगडाची कपची पुढच्या दातांत धरली आणि हळूच कुरतडली. भूगर्भ खात्याचे साहेब नकाशावर पेन्सिल टेकवून वाट बघत होते. जमिनीत भोक पाडून दगडाची कांडी वर काढणारा बरमदादा दाराशी उभा होता.

"सावकाश, ताई," तो म्हणाला, "कांडी एवढी एकच आणलीय. पोटभर खाऊ नका."

ताईंची हयात दगड चाखण्यात गेली होती. कुठल्या तरी जुन्या नदीने पसरलेला गाळ, त्याचाच हा खडक. उत्तरेला डोंगराजवळ तो रेताड, खरखरीत. मधल्या पट्ट्यात इतका बारीक की डोळ्यांना कण दिसत नाही, पण दाताखाली कचकच लागते. आणि दक्षिणेला लोण्यासारखा चिकण. कणी कुठे संपते आणि चिकण कुठे सुरू होतं, ते ताईंच्या दातांनी सांगायचं आणि साहेबांनी तिथे रेघ ओढायची. आजच्या रेघेला मोल होतं. चिकण खडकातून पाणी झिरपत नाही, म्हणून शहराच्या कचऱ्याचा खड्डा तिथे खणायचा होता. कणीदार खडकात खणला, तर खालच्या वस्तीच्या विहिरी नासणार.

आणि ताईंच्या तोंडात आता स्वतःचा एकही दात नव्हता. रजा घेऊन त्यांनी गुपचूप कवळी बसवून घेतली होती. "आई, ऑफिसात सांगून टाका," असं सूनबाईने परोपरीने सांगून पाहिलं. पण सांगितलं की उरलं काय? दगडांच्या पेट्या पुसणारी म्हातारी.

त्यांनी कपचीचा चुरा जिभेवर फिरवला. काही म्हणता काही कळेना. कवळीखाली हिरडीला तेवढं बोचलं. नवी कवळी, बोचणारच. कांडी दक्षिणेची होती, आणि दक्षिणेचा दगड आजवर चिकणच निघाला होता.

"चिकण," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावून पेन्सिलीने रेघ ओढली.

बोचणं थांबेना, म्हणून ताई बेसिनपाशी गेल्या आणि त्यांनी कवळी काढली. हिरडी लाल झाली होती. कवळीच्या आत करडा चुरा चिकटला होता. तो त्यांनी बोटाने हिरडीवर चोळून पाहिला. खरखर लागली. देवाने सगळे दात नेले, तरी हिरडीकडून निरोप धाडला होता. त्यांनीच तो ऐकला नव्हता.

कुणाला कळणार नव्हतं. पण डोळ्यांसमोर विहिरी आल्या. ताई तशाच परत फिरल्या.

"साहेब, रेघ खोडा. दगड कणीदार आहे. मी कवळी बसवलीय. मला कळलं नाही."

साहेब अवघडले. त्यांनी खणातून दुसरा नकाशा काढला. त्यावर शाईची रेघ होती, पार दक्षिणेला सरकलेली.

"बसा ताई. दगड तपासायच्या यंत्राचा अहवाल आधीच आलाय. खड्डा तिकडेच खणणार आहेत. विहिरींना धोका नाही."

"मग मला कशाला चाखायला लावलंत?"

साहेबांनी बरमदादाकडे पाहिलं. बरमदादाने जमिनीकडे.

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून," साहेब हळू म्हणाले. "यंत्र आल्यापासून असंच चाललंय."

विहिरी वाचल्या होत्या. त्याबद्दल ताईंनी मनातल्या मनात हात जोडले. मग टेबलावरची कपची उचलून त्या पेट्यांच्या खोलीत गेल्या. पेटीत ठेवलेल्या कांडीतली तिची जागा रिकामी होती. कपची तिथे बरोबर बसली. ताईंनी ती पुन्हा काढली, दातांची खूण आतल्या बाजूला जाईल अशी फिरवून ठेवली, आणि पेटीचं झाकण लावून पदराने वरची धूळ पुसली.