भिकनच्या उजव्या हाताची कमाई

मित्रांनो, मी एक जुनं वेल्डिंग मशीन आहे. सध्या बिडकीनला भंगाराच्या दुकानात, मोडक्या खिडक्यांच्या ढिगाशेजारी पडून आहे.

शहरात क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून भिकननं मला विकत आणलं. त्याचे वडील मेंढरं राखायचे. वेल्डिंगचं काम घरात तोच पहिल्यांदा शिकला होता. त्याची बायको सुगंधाबाई हिनं हळदकुंकू लावून माझी पूजा केली आणि बिडकीनला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा धंदा सुरू झाला. आसपास कंपन्या येत होत्या, घरं उठत होती. भिकननं जोडलेल्या गेटाचा सांधा शोधूनही सापडत नसे. पैठणहून गिऱ्हाइकं यायची. कौतुक त्याचं व्हायचं, पण मलाही अभिमान वाटायचा.

त्याचा मावसभाऊ पुंजाराम शहरात लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून द्यायचा. दर उन्हाळ्यात तो शेडमध्ये येऊन सांगायचा, "भिकन, यंदा तरी रिटर्न भर."

"मला टॅक्स बसतो का?"

"नाय बसत. शेडचं भाडं, लाइट बिल, रॉड, समदा खर्च कमाईतून वजा होतो. या मशीनची झीज बी वजा होती. पर रिटर्न भरलं तर तुझी कमाई कागदावर येती."

माझी झीजही कुणीतरी धरतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. भिकन मात्र हसायचा. "टॅक्सच नाय, तर कागद कशाला रंगवायचे?" म्हणत तो पुन्हा कामाला लागायचा.

एका दुपारी आम्ही पैठण रस्त्यानं जिना बसवायला निघालो होतो. मागून ट्रकनं आमच्या लोडिंग रिक्षाला धडक दिली. मी कडेला फेकलं गेलं. भिकनचा उजवा हात पत्र्यात चिरडला. दवाखान्यात तो कोपरापासून काढावा लागला.

भरपाईसाठी कोर्टात ट्रकवाल्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा लावला. तारखेहून परतल्यावर सुगंधाबाई शेडमध्ये बसून पुंजारामला सांगत होती, ते मी ऐकलं.

"इमावाल्यांचा वकील म्हणला, कमाई व्हती तर एक बी रिटर्न का नाय? हे म्हणले, साहेब, टॅक्स बसतच नव्हता. तर त्यो म्हणला, मंग कमाई व्हती हे कशावरून मानायचं?"



निकालात एवढ्या कसबी माणसाची कमाई साध्या मजुराएवढी धरली आणि भरपाईही त्याच हिशोबानं कमी ठरली. मिळालं ते दवाखान्यातच संपलं. सुगंधाबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाकरी थापायला जाऊ लागली. शेड बंद पडलं. पावसाचं पाणी माझ्यात शिरलं. शेवटी भंगारवाला आला, तेव्हा भिकन एवढंच म्हणाला, "हळू उचल रं. चालू मशीन हाय."

भंगारवाल्यानं मला वजनकाट्यावर आपटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी शिवणकाम करत असेल, रिक्षा चालवत असेल, गाडा लावत असेल, तर टॅक्स बसत नसला तरी त्यांना रिटर्न भरायला सांगा. हात शाबूत आहेत तोवरच सांगा. भिकननं खरंच चांगलं कमावलं होतं. मी रोज त्याच्यासोबत होतं, मला ठाऊक आहे. पण कोर्टात मशीनची साक्ष कोण घेणार?