शाई ओली असेपर्यंत

हेमलताबाईंच्या वहीतली शाई ओली असेपर्यंत त्यांचे वारलेले यजमान घरात असत. शाई वाळली की खुर्ची रिकामी. याचं नवल वाटायचे दिवस कधीच मागे पडले होते. मिरजेच्या उन्हाळ्यात शाई फार लवकर वाळते, एवढीच बाईंची तक्रार होती.

लिहायला सुरुवात झाली ती भाचीमुळे. कानिटकर मास्तर गेल्यावर बाई धड जेवेनात, कुणाशी बोलेनात, तेव्हा तिने वही आणि शाईचं पेन आणून दिलं. रोज सकाळी हात न थांबवता मनात येईल ते लिहायचं आणि कुणालाही दाखवायचं नाही, असं बजावलं. पहिल्या सकाळी बाईंनी दूध उतू गेल्याचं लिहिलं आणि मान वर केली, तर समोर मास्तर खिडकीकडे तोंड करून बसलेले.

बाईंनी लबाडीही करून पाहिली. पेपरातली बातमी उतरवून काढली, तर नुसत्या चपला आल्या. 'मी मजेत आहे' असं लिहिलं तेव्हा मास्तर आले, पण उंचीने टेबलाएवढेच. मग मुकाट्याने खरं तेच लिहायचं ठरलं. दुखरे गुडघे, धाकट्या जावेचा राग, शेजारच्या उशीवर ठेवलेला हात.

मास्तर तोंड फिरवून बसत त्याला कारण होतं. लग्नाच्या चौथ्या वर्षी बाईंची अशीच एक वही त्यांच्या हाती लागली होती. भूमितीचा माणूस. सहामाहीचे पेपर तपासता तपासता त्यांनी तीही लाल शाईने तपासून टाकली. शेवटी शेरा मारला, 'विषयांतर टाळावे. दहापैकी सहा.' बिचाऱ्यांना वाटलं, बायकोला कौतुक वाटेल. बाईंनी वही बंबात घातली आणि एकतीस वर्षं वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. मास्तरांनीही विषय काढला नाही. अख्ख्या संसारात त्यांचं एवढं एकच भांडण, आणि तेही व्हायचं राहून गेलं.

मेल्यावर माणूस शहाणा झाला होता. वहीकडे ढुंकूनही बघायचा नाही. आणि इकडे बाईंना वाटायचं, एकदा बघावं. यांनी वाचावं, बाकी कुणी नको. 

चैत्र लागला. बाईंनी पंखा बंद ठेवला, खिडक्या लावून घेतल्या, दारावर ओली चादर टाकली. तरी एके दिवशी पानाच्या तळाशी पोचेपर्यंत पहिली ओळ वाळली, आणि खुर्चीखाली मास्तरांची पावलं नव्हती.

"अहो," बाई म्हणाल्या, "वाचता का?"

 मास्तर खिडकीकडेच बघत म्हणाले, "तपासणार नाही."

"ठाऊक आहे मला."

ते वळले. बाईंनी वही पुढे सरकवली. मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागले. जिथून बोट जाई तिथली शाई लगेच वाळत होती. दुसऱ्या ओळीला गुडघे गेले. सहाव्या ओळीला कंबर गेली. बाईंना हे दिसत होतं. वही ओढून घेता आली असती, पण त्यांचं मनच होईना. जावेच्या जागी मास्तर किंचित हसले. उशीपाशी त्यांचं बोट थांबलं, मग पुढे गेलं.

पान संपत आलं, एकच ओळ ओली राहिली. आता खांद्यांपासून वरचे मास्तर आणि एक हात, इतकंच उरलं होतं.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी घाईने पान उलटलं आणि लिहायला लागल्या. तुमच्याशिवाय मला करमत नाही, असं लिहिलं. तुम्ही त्या वहीला हात लावलात तेव्हा मी मनातून खूश झाले होते आणि शेरा वाचून रडले होते, असंही लिहिलं. मास्तर वाचत होते. आयुष्यभर गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेला माणूस, त्यांच्या वाचण्याला बाईंच्या लिहिण्याचा वेग कुठून पुरणार. तीन शब्दांचं अंतर दोनावर आलं, दोनाचं एकावर. बाईंचा हात भरून आला होता, तरी त्या लिहीत होत्या. शब्द अर्धा झाला असताना मास्तरांचं बोट पेनाच्या टोकाला येऊन टेकलं, आणि तिथेच वाट बघत राहिलं.