आधी कपाट, मग खोकी

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी सायकल आहे, आणि एका जागी उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. कारखान्यातून दुकानात आले तेव्हाही दोन महिने छताला टांगलेली नुसती तळमळत होते. मग एका शिक्षिकेने मला घेतलं. पंधरा वर्षं तिने माझ्यावरून शाळा गाठली. तिचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिने मला आताच्या धन्याला देऊन टाकलं.

धनी लोकांचं घरसामान हलवण्याचं काम करतो. गडी तगडा, पण एकदा तिसऱ्या मजल्यावर कपाट नेताना त्याला अशी धाप लागली, की ते जिन्यातच टेकवावं लागलं. मुकादमाने बजावलं, "महिनाभरात दम वाढव, नाहीतर खाली गाडीच्या राखणीला बसवीन." डॉक्टरांनी रोज सायकल चालवायला सांगितली. मला वाटलं, चला, आपले दिवस पालटले!

कसले पालटतात! संध्याकाळी धनी पाय ओढत घरी यायचा. "पाच मिनिटं पाठ टेकतो आणि निघतोच," म्हणायचा आणि बुटांसकट घोरू लागायचा. मी जिन्याखाली ताटकळत. हँडलला पिशव्या लटकल्या, सीटवर कुणी ओलं पायपुसणं वाळत घातलं. राग यायचा, पण त्याचे सुजलेले खांदे पाहून गिळायचे. एका रविवारी आठवड्याची भरपाई म्हणून त्याने मला चाळीस किलोमीटर दामटलं. मी खूश! पण पुढचे चार दिवस त्याला धड वाकताही येईना. असे वीस दिवस वाया गेले.

शेवटी त्याची बायको करवादली, "अहो, कामावर आधी काय उचलता? कपाट की खोकी?"

"कपाट. अंगात जोर असतो तोवरच जड सामान हलवायचं."

"मग सायकल का ठेवता शेवटी?"

धन्याने त्याच रात्री माझ्या हँडलवरच्या पिशव्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी माझ्यावरूनच कामाला निघाला. पहिल्या दिवशी चढावर उतरून ढकलू लागला, तेव्हा मी मनातल्या मनात चडफडले. सहाव्या दिवशी मात्र तो उतरला नाही.

महिना भरला त्या दिवशी मुकादमाने मुद्दाम कपाटाचा पट्टा त्याच्याच खांद्यावर चढवला. चौथा मजला, लिफ्ट नाही. मी फाटकापाशी उभी राहून जिन्यातली पावलं ऐकत होते. वर कुठेतरी ती थांबली. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात धन्याचा आवाज आला, "अरे, दार उघडा की! किती वेळ उभा राहू?" त्या आवाजात धाप नव्हती, चक्क वैताग होता. मला रडूच आलं असतं.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली माझी एखादी बहीण तिष्ठत असेल. तिला दिवसाचा उरलासुरला जीव देऊ नका. साखळीला दोन थेंब तेल आणि सकाळची ताजी वीस मिनिटं, एवढं तिला पुष्कळ आहे. बरं, आता मला अडवू नका, धनी कुलूप काढतोय.